दर रविवारी येणारा

त्या रविवारी सम्राट शिरूरहून निघाला तो एक साधं काम उरकायला. राहू गावाला मामाच्या घरी जायचं, नवनाथला समोर बसवायचं आणि सांगायचं, की बाबा, ती जीप काही आता आपल्याच्यानं होत नाही. वरवंडचा खंडू भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय, त्याला ती देऊन टाकू आणि तुला तयार तीनचाकी स्कूटर घेऊ. सांगायला फारसं काही नव्हतं. पण एवढंच कितीतरी महिने त्याच्या घशात अडकून बसलं होतं.

"फोनवर सांगू नका," प्राची म्हणाली होती. प्राची त्याची बायको, शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स. "तोंडावर सांगा. त्याला राग येऊ दे, रडू येऊ दे. पण तुम्ही समोर असा."

न्हावऱ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता. गुऱ्हाळं पेटलेली होती, त्यांचा गोड, जरासा करपट वास हेल्मेटच्या आतपर्यंत येत होता. पारगावच्या पुलावर सम्राटनं गाडीचा वेग उगाचच कमी केला. पुलाखालच्या भीमेच्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर पसरला होता. एके काळी याच पुलावर आला की त्याला घाई सुटायची. मागे कॅरिअरला बांधलेली हत्यारं खडखडायची आणि त्याला वाटायचं, कधी एकदा मामाच्या शेडात पोचतो.

नवनाथ त्याचा मामेभाऊ, जोडीनं वाढलेला. उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. कालव्यावर ट्रॉली उलटली आणि तो खाली सापडला. पुण्याच्या हॉस्पिटलात दोन्ही पाय गुडघ्यापासून काढावे लागले. शुद्धीवर आल्यावर तो रडला नाही, की ओरडला नाही. फक्त म्हणाला, "आता स्टेरिंग सुटलं माझं." तेव्हा सम्राटनं त्याचा हात धरला. पाबळला वेल्डिंग-लेथ शिकलेला माणूस तो, रांजणगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. तो म्हणाला, "पाय न्हाईत तर हातानं चालवशील. मी बांधतो गाडी. रेस हातावर, क्लच हातावर, ब्रेक हातावर." आणि त्यातला शब्दन् शब्द त्यानं मनापासून म्हटला होता. खोटं असतं तर बरं झालं असतं. खोट्याचं एवढं ओझं होत नाही.

पहिलं वर्षभर एकही रविवार चुकला नाही. लिलावातली जुनी जीप आणली, सांगाड्यापर्यंत सोलली, घरामागच्या पत्र्याच्या शेडात उभी केली. नवनाथ खुर्चीत बसून पाने हातात द्यायचा, सम्राट गाडीखाली. पण क्लच आणि ब्रेक एकाच दांड्यावर घ्यायचं काही जमेना. तीनदा केलं, तीनदा सोडलं. मग सम्राटचं लग्न झालं. मग कारखान्यात पाळी बदलली. उत्साह एका झटक्यात गेला असता तर कळलं तरी असतं. तो बारीक छिद्र पडलेल्या ट्यूबमधल्या हवेसारखा गेला. आधी एखादा रविवार बुडाला, मग महिना बुडाला. मग नवनाथचा फोन वाजला की सम्राट स्क्रीनकडे बघत बसायचा, वाजायचा थांबेपर्यंत. शेवटी नवनाथनंच फोन करायचं सोडलं. त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती.

घरासमोर गाडी लावली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. विठाबाई, त्याची मामी, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मामा गेल्यापासून तिची नजर मंदावली होती. चाहूल लागली तशी तिनं मान वर केली.

"जयभीम मामी."

"जयभीम." तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "आज असा म्होरनं आलास व्हय? मला वाटलं तू शेडातच हायेस."

सम्राट थबकला. "शेडात?"

"दर रविवारी तिकडच्या तिकडंच जातोस नव्हं. घरात पाऊल टाकशील तर शपथ. म्या च्या ठिवून येती, तू पिऊन कप उपडा घालतोस." ती हसली. "समद्या गावाला सांगती मी, मामाच्या माघारी कोन एवढं करत न्हाई. माजा भाचा शिरूरवरनं येतो लेका, दर रविवारी."

इथंच, नेमकं इथंच सांगायला हवं होतं. मामी, मी आलोच नाही, दोन वर्षांत एकदाही नाही. पण तिचा चेहरा असा उजळला होता आणि ती शेंगांचे हात पदराला पुसत चहा ठेवायला उठत होती. सम्राटच्या तोंडून निघून गेलं, "व्हय मामी. येतोच की."

आणि ते म्हणताना त्याला आतून कसंतरीच झालं. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलावा तसं.

म्हातारीला भास होत असेल, असं मनाशी म्हणत तो घराला वळसा घालून मागे गेला. शेडामागे लगेच ऊस सुरू होत होता. वारा नव्हता, तरी पाचट मधूनच वाजत होतं. या भागात सांज झाली की बिबट्याच्या धाकानं माणसं घरात बसतात, त्यामुळे आसपास कुणी नव्हतं. दाराला कुलूप नव्हतं. त्यानं पत्रा ढकलला.

आत जीप उभी होती.

त्यानं सोडली होती ती जीप म्हणजे गंजलेला सांगाडा होता, त्यावर कोंबड्या बसायच्या. ही पूर्ण होती. बॉडी बसवलेली, निळा रंग दिलेला, नवनाथला हवा होता तोच निळा. ड्रायव्हरच्या बाजूला चाकाची खुर्ची चढेल अशी फळी होती, बिजागरीवर दुमडणारी. स्टेरिंगच्या आत रेसची गोल कडी होती. सगळीकडे ताज्या रंगाचा आणि जळलेल्या लोखंडाचा वास भरून राहिला होता.

कुणीतरी मिस्त्री लावला असेल. त्याला आधी हायसं वाटलं, मग जरा राग आला, मग लाज. तो खाली वाकला आणि फळीच्या बिजागरीचं वेल्डिंग बघू लागला. सम्राट डावरा होता. वेल्डिंग तो उजवीकडून डावीकडे ओढायचा आणि शेवटी रॉड उचलताना त्याला एक छोटा झटका द्यायची सवय होती. पाबळला सर त्यावरून रागवायचे. ही रेघ उजवीकडून डावीकडे गेली होती, आणि टोकाला तो झटका होता.

त्यानं बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. लोखंड गरम होतं.

"लाईट सकाळपासनं न्हाई," मागून आवाज आला.

नवनाथ दारात होता, खुर्चीत. दाढी वाढलेली, खांदे भरलेले, चेहरा शांत. किती दिवसांनी भेटत होते, पण त्यानं हसून हात पुढे केला नाही. तो सम्राटच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होता, ओळख पटवावी तसा.

"तू हायेस," तो शेवटी म्हणाला. "तूच आलास आज."

"नवनाथ… हे कोणी केलं?"

"आईला काय म्हनालास? येतोच की, म्हनालास. ऐकलं मी." त्याच्या आवाजात राग नव्हता. "बरं केलंस. तिला खरं कळलं तर भ्या वाटंल."

"मी आलो नाही रे. मी…"

"ठावं हाय मला." नवनाथनं खुर्ची जरा आत घेतली. "तू यायचा बंद झालास ना, त्याच्या म्होरल्या पावसाळ्यात. दुपारचा पडलो व्हतो. शेडातनं ग्राइंडरचा आवाज आला. म्हनलं, सम्राट आला. खुर्ची ढकलत आलो, हाक मारली. वळला न्हाई. काम करत व्हता पाठमोरा."

"आणि मग?"

"मग एक दिस वळला." शेडात अंधार हळूहळू उतरत होता. "तुझंच तोंड. पर मला तवाच कळलं. त्या दिशी हॉस्पिटलात तू माझा हात धरलास, तवा तुझ्या डोळ्यात जे व्हतं… ते हाय त्याच्यात. तुझ्यात आता न्हाई ते. आत्ता बघितलं मी."

बाहेर कुठंतरी टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

"भ्या न्हाई वाटत तुला?" सम्राटनं विचारलं.

"वाटलं आधी. मग वाटंना. तो माफी मागत न्हाई, कारनं सांगत न्हाई. येतो आन् काम करतो." नवनाथनं जीपवर हात ठेवला. "तू काय सांगायला आला व्हतास?"

खंडूचा टेम्पो, तीनचाकी, ती वाक्यं. सगळं त्याच्या जिभेवर होतं. सम्राटनं ते गिळलं.

"काय राहिलंय हिचं?" त्यानं विचारलं.

"त्योच दांडा. ब्रेक-क्लचचा. तेवढं त्यानं केलेलं न्हाई. हात लावत न्हाई त्याला. का ते ठावं न्हाई."

"मी करतो," सम्राट म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच पोकळ वाटला, पण त्याला तेव्हा खरंच वाटत होतं. एवढं एक काम आपण केलं, आपल्या हातानं केलं, तर काहीतरी फिटेल. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या, पोतं अंथरलं आणि मोबाईलची बॅटरी लावून तो जीपखाली सरकला.

आणि आश्चर्य म्हणजे त्याला दिसलं. जो दांडा तीनदा फसला होता, तो कुठं अडतो ते एका नजरेत दिसलं. सांधा चुकीच्या बाजूला होता, बाकी काही नाही. दोन वर्षांपूर्वी जरा नेटानं बघितलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. तो बोल्ट सैल करू लागला. पाना घसरला, लहान हवा होता. जुन्या सवयीनं त्यानं हात जीपच्या बाजूनं बाहेर काढला, तळवा उघडा ठेवून.

पाना हातात आला. बरोबर मापाचा.

"हां," तो म्हणाला, आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं. नवनाथची खुर्ची दाराशी होती, सम्राटच्या पायांकडच्या बाजूला. चाकं इथून दिसत होती. त्यानं हात काढला होता तो उसाकडच्या बाजूला.

पाना देणाऱ्यानं बोटं अजून सोडली नव्हती. ती उबदार होती, खरखरीत, ग्रीसनं माखलेली. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा गुळगुळीत वण लागत होता. तसाच वण सम्राटच्या अंगठ्याशी होता, रॉडनं भाजलेला.

बोटांनी त्याचा तळवा हलकेच दाबला. घाबरवायला नव्हे. शाबास म्हणावं तसं.

सम्राट कसा बाहेर आला, त्याचं त्यालाच कळलं नाही. डोकं चेसिसवर आपटलं, कोपर सोललं. त्यानं मागे बघितलं नाही. तो नवनाथच्या खुर्चीवरून जवळजवळ उडी मारूनच शेडाबाहेर पडला.

"सम्राट, थांब," नवनाथ म्हणाला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला. "लई थोडं ऱ्हायलंय… तेवढं कर. तुझं तूच कर."

ओट्यावर विठाबाई चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्याकडे न बघता त्यानं गाडीला किक मारली. उसाच्या भिंतींतून, गुऱ्हाळांच्या धुरातून, पुलावरून तो एकसारखा पळत राहिला, आणि शिरूरचे दिवे दिसल्यावरच त्याला जाणवलं, की आपण पुन्हा तेच केलं. पुन्हा अर्धवट टाकून आलो.

"सांगितलंत?" प्राचीनं विचारलं.

"होत आलीय जीप," तो म्हणाला. "थोडंच राहिलंय." ती किती खूश झाली ते बघून त्यानं तोंड फिरवलं.

खंडूला त्यानं फोन करून नको म्हणून सांगितलं. नवनाथला करायचं रोज ठरवलं आणि रोज टाळलं. आठवडाभर पाळीवर जाऊन आला, जेवला, झोपला. पुढच्या रविवारी तो राहूला जायचं म्हणून उठला, अंघोळ केली, कपडेही घातले. मग बूट पायात घालता घालता बसूनच राहिला. दुपार झाली तरी तो खुर्चीतच होता, एका पायात बूट. प्राची समोर भाजी निवडत होती.

तेव्हा तिच्या फोनवर नवनाथचा व्हिडिओ आला.

"अगं बाई, चालली," ती म्हणाली आणि फोन दोघांना दिसेल असा धरला. निळी जीप पारगावच्या पुलावरून चालली होती. नवनाथ ड्रायव्हरच्या जागी होता, केस वाऱ्यानं उडत होते, एक हात कडीवर, एक हात दांड्यावर. दांडा लोण्यासारखा मागेपुढे होत होता. नवनाथ रडत होता आणि हसत होता. व्हिडिओ शेजारच्या सीटवरून काढला होता. काढणारा दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता.

"सावकाश… आता सोड क्लच… बघ, मी म्हनलं नव्हतं?" आणि मग तो मोठ्यानं, मोकळेपणी हसला.

प्राचीचे डोळे भरून आले. "किती वर्षांनी ऐकलं हे," ती म्हणाली. "लग्न ठरलं तेव्हा तुम्ही असेच हसायचात. कधी काढलात हा? मागच्या रविवारी?"

व्हिडिओ अजून चालू होता. पूल मागे पडला आणि न्हावऱ्याचा फाटा आला. फाट्यावरच्या कमानीखाली कसलंसं उद्घाटन चालू होतं आणि वरच्या नव्या फ्लेक्सवर त्याची आजची तारीख होती. प्राचीनं ती वाचली. तिच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली.

"पण आज तर तुम्ही सकाळपासून…"

फोनमधला आवाज आनंदानं भरून म्हणाला, "आता सरळ शिरूर घे नवनाथ. माझ्या घरी जाऊ. प्राचीला दाखवू."

व्हिडिओ संपला. प्राचीनं फोनवरची नजर उचलली आणि ती सम्राटच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, कितीतरी वेळ, डोळ्यांत काहीतरी शोधत असल्यासारखी. मग ती उठली, पाठ बाहेरच्या दाराला लागेपर्यंत त्याच्यापासून मागे सरली, आणि हात मागे नेऊन येणाऱ्यासाठी तिनं दाराची कडी काढली.