व्हाळाचा जोर जातो कुठे?

वाट सोपी करून दिली, तर पाणी एवढं चिडलं का?

शलाका सकाळपासून हाच प्रश्न घेऊन घर आणि व्हाळ (कोकणातला ओढा) यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होती. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. व्हाळावरच्या साकवाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, खांबाखालची माती पाणी खरवडून नेत होतं. सकाळी पाया हातभर उघडा होता, दुपारी दोन हात. साकव पडला, तर पलीकडची अख्खी वाडी अडकणार होती.

आणि हे सगळं तिचंच कर्तृत्व! पावसाळ्याआधी गाव दरवर्षी व्हाळातला कचरा आणि अडकलेल्या फांद्या काढतं. यंदा ते काम पंचायतीच्या नव्या यंत्रमानवाकडे होतं. पोरांनी त्याचं नाव ‘घमेलं’ ठेवलं होतं. त्याला सूचना द्यायचा मान बारा वर्षांच्या शलाकाला मिळाला, आणि बाईसाहेबांना हुरूप चढला. “नुसता कचरा कशाला? दगडही काढ. वळणं सरळ कर. पाणी कसं सरसर गेलं पाहिजे!”

घमेल्याने दोन दिवसांत व्हाळ पट्टीसारखा सरळ केला. गावाने शलाकाची पाठ थोपटली, आणि निघालेल्या दगडांचे आपापल्या आवाराभोवती गडगे (दगडी कुंपणं) रचले.

तिचे आजोबा जलशास्त्रज्ञ. ते कालच पुण्याहून आले होते.

“आजोबा, लवकर सांगा, माझं काय चुकलं?” ती रडायच्या बेतात होती.

“आधी तळहात एकमेकांवर जोरात चोळ बघू.”

“आता? तिकडे खांब...”

“चोळ गो!”

तिने चोळले. हात गरम झाले.

“तुझा जोर कुठे गेला? उष्णता झाला. डोंगरावरच्या पाण्याकडे उंचीमुळे ऊर्जा असते (स्थितिज ऊर्जा). पाणी उतरतं तशी ती वेग होते. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते. उष्मागतिकीचा (उष्णता आणि ऊर्जा यांच्या शास्त्राचा) हा पहिला नियम. पाणी दगडांवर आपटतं, वळणांवर घुसळतं, आणि ती ऊर्जा थोडी थोडी उष्णता होऊन विखुरते.”

“मग पाणी तापायला हवं!”

“तापतं, पण जाणवणारही नाही इतकं. सव्वाचारशे मीटर खाली आलं, तर जेमतेम एक अंश. आणि विखुरलेली उष्णता आपणहून पुन्हा जोर होत नाही.”

शलाका एकदम थांबली. “म्हणजे मी दगड काढले, तेव्हा जोर विखुरायची जागाच काढली. तो सगळा साकवापाशी आला!”

“बरोबर. नदी हजारो वर्षं हेच करत असते. जिथे जोर जास्त, तिथे खणते. जिथे कमी, तिथे गाळ टाकते. छोट्या ओहोळांत पाणी तळाला फार घासतं, म्हणून ते एकत्र येतात आणि कमी घासत पुढे जातात. नकाशावर नदी फांद्याफांद्यांची दिसते, ती त्यामुळेच. जोर सगळीकडे वाटला जाईल, अशी ती स्वतःला घडवत राहते.”

पुढचं ऐकायला शलाका थांबलीच नाही. भिजत ती साकवाकडे धावली. तिथे सरपंच परबकाकी माणसांना मागे सारत होत्या.

“काकी, चूक माझी आहे!” ती ओरडली. “दगड परत हवेत. वरच्या अंगाला, उतारावर. सगळ्यांचे!”

“माझो गडगो गेल्याच आठवड्यात बांधून झालो, गो! आता तो मोडूचो?” काकी म्हणाल्या.

शलाकाने न अडखळता सगळं सांगितलं. तळहात चोळूनही दाखवले. काकींनी एकदा पलीकडच्या वाडीकडे पाहिलं, पदर खोचला आणि आपल्या गडग्याचा पहिला दगड स्वतः उचलला. मग सगळं गाव कामाला लागलं. घमेलं आपला लांब हात पसरून दगड वरच्या उतारावर सोडू लागलं.

तिन्हीसांजेला खांबापाशी पाण्याचा आवाज उतरला. पाया तेवढाच उघडा होता, पण आणखी खचला नव्हता. पाऊस ओसरला की तो नीट भरून घ्यायचं काकींनी तिथेच ठरवलं.

“उरलेले दगड कुठे ठेवू?” घमेल्याने विचारलं.

शलाकाच्या तोंडात उत्तर तयार होतं. ते तिने गिळलं आणि काठावर बसली.

“थांब जरा. पाणी कुठे वळतंय, ते आधी बघू दे.”