बोल्टवरची लाल रेघ

मंगळवार, अठरा नोव्हेंबर. रात्रीचे पावणेबारा. गोदामांच्या मागच्या गल्लीतलं शेवटचं गॅरेज, शटर अर्धं वर. आत एक ट्यूब चालू, रॅम्पवरून नुकतीच उतरवलेली एक जुनी जपानी सेडान, आणि बॉनेटला टेकून फडक्याला हात पुसणारी एक बाई.

एवढं नीट ध्यानात ठेवा. म्हणजे सकाळी उठून कोणी ‘काका, तुम्ही फेकता’ म्हणायला नको.

बाईला अख्खी गल्ली ताई म्हणते. आपला क्रेनवाला तिच्या बापाच्या वयाचा, तोही ताईच म्हणतो. त्याच्या तोंडून ही हकीकत आली आहे, आणि शेवटचा भाग तर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. भूत असतं की नसतं, यावर आपसात भांडू नका. भांडण्यासारखं यात दुसरंच पुष्कळ आहे.

ताईला त्या रात्री एकच काम उरलं होतं. गाडी फिरवून आणायची. नवा गिअरबॉक्स बसला होता, त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचा, सहा गिअरचा. त्याच्याबरोबर नवा भारी क्लच. आणि नवा क्लच नव्या चपलेसारखा असतो. पहिल्याच दिवशी धावायला गेलात तर चावतो. त्याला आधी सावकाश, थांबत-निघत, गल्लीबोळातून फिरवावं लागतं, मग त्याची पकड बसते. सुटे भाग उशिरा आले, म्हणून ते काम आदल्या रात्रीवर आलं होतं. सकाळी आठला वाहन तपासणीच्या आवारात गाडी हजर करायची होती. पास झाली तर रस्त्यावर, नाही तर भंगारात.

आतल्या खोलीतून बाबा बाहेर आले.

“नको नेऊस उद्या,” ते म्हणाले. “मोडीत जाऊ दे. एकदा खाल्लंय तिनं घरातलं माणूस.”

“गाडी माणूस खात नाही, बाबा. माणसं माणसं खातात.”

“झालं तुझं वर्तमानपत्र सुरू.”

“मग तुम्ही वाचा ना कधीतरी. तपासणीवाल्यांनी लिहिलेलं एक वाक्य तेवढं पाठ करून बसलाय.”

बाबा वळले. आत गेले.

ते वाक्य तुम्हाला सांगायलाच हवं. गाडी ताईच्या धाकट्या भावाची. पोराच्या हातात जादू होती. या साध्या सेडानला त्याने टर्बो बसवला, इंजिनाची ताकद वाढवली. मग जुना क्लच घसरायला लागला. म्हणून त्याने एका व्यापाऱ्याकडून ‘रेसिंगचा अस्सल माल’ म्हणून क्लच आणि फ्लायव्हील आणलं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाबरोबर गरगर फिरणारी जाड लोखंडी तबकडी. क्लच तिच्यावरच बोल्टांनी आवळलेला असतो. हे सगळं त्याने इथे, याच रॅम्पवर बसवलं. आणि महिना व्हायच्या आत खाणीच्या रस्त्यावर, उताराच्या वळणावर, गाडी सरळ दगडात गेली. पोरगा जागीच गेला.

गाडी जप्त होऊन त्याच तपासणीच्या आवारात पडली. अहवाल आला. ‘मालकाने स्वतः केलेल्या जोडणीत बोल्ट ढिले राहिल्याने अपघात.’ एवढंच! गिअरबॉक्स उघडून पाहिला कोणी? कोणीही नाही. खुर्चीत बसून बोल्ट ढिले दिसतात या लोकांना. ताईने मागे लागून लागून गाडी परत मिळवली, तर इंजिन जागेवर, दारं जागेवर, काचेमागचा रेडिओसुद्धा जागेवर. गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील तेवढं नाही. “चोरीला गेलं असेल,” आवारातला माणूस म्हणाला. कुलूपबंद आवार, फाटकावर पहारा. दोन माणसांना धड उचलवत नाही असं लोखंड चोराने नेलं, आणि रेडिओ सोडला! बराच तत्त्वनिष्ठ चोर.

पण ताईला जिव्हारी लागलं ते अहवालाचं नव्हे, बापाचं बोलणं.

बाबांचा गॅरेजमध्ये एक नियम होता. बोल्ट पुरता आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट पुढे केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, लगेच कळतं. रेघ नाही म्हणजे बोल्ट आवळलेलाच नाही, मग देव येऊन सांगू दे. ताईची रेघ पिवळी, धाकट्याची लाल. “म्हणजे शिव्या कोणाला घालायच्या ते मला शोधावं लागत नाही,” बाबा म्हणायचे.

अहवाल वाचला तेव्हा बाबा एकदाच म्हणाले, “विसरला असेल रेघ. घाईचाच होता पहिल्यापासून.”

त्या दिवसापासून बापलेकीत कामापुरतं बोलणं. आणि त्या दिवसापासून ताईने ठरवलं, गाडी पुन्हा उभी करायची. घरातच. त्याच रॅम्पवर. या घरात बोल्ट ढिले सोडत नाहीत, हे त्यांच्या आवारात, त्यांच्या नाकासमोर उभं करून दाखवायचं. पुरावा नव्हताच हातात. मग निदान गाडी.

तर ती निघाली.

गोदामांची गल्ली, मग बँकेचा चौक, मग बंद दुकानांचा लांबच लांब रस्ता. क्लच गुळगुळीत दबत होता. ताई मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती. थोपटायला दुसरं होतं कोण!

चौकातून निघताना तिने सेकंड गिअरसाठी क्लच दाबला. हात अजून स्टिअरिंगवर होता.

गिअर पडला.

तिला वाटलं, दांडीचा जोड सैल आहे, उतारामुळे घसरली असेल. पण तिथे उतार नव्हता. आणि गिअर काही घसरून पडत नाही. तो घालावा लागतो.

पुढच्या वळणावर तिने मुद्दाम हात मांडीवर ठेवला. क्लच दाबला.

दांडी हलली. सावकाश. थर्ड.

आता ऐका. ही दोघं भावंडं गाडी शिकली ती एकाच सीटच्या हट्टापायी. दोघांनाही चालवायची असायची. मग धाकट्याने तोड काढली होती. ताई स्टिअरिंगवर, हा शेजारी. “ताई, क्लच तुझा, गिअर माझा.” ती पाय दाबायची, तो दांडी टाकायचा. इतका मेळ बसला होता की मोठेपणीही, बरोबर असले की, तसेच चालवायचे. बाबा कपाळाला हात लावायचे.

हे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं.

ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने शेजारी पाहिलं नाही. क्रेनवाल्याला तिने नंतर सांगितलं, “बघितलं असतं तर तो गेला असता. नाही तर मी गेले असते.”

ती फक्त म्हणाली, “हात काढ. आता क्लचही माझा आणि गिअरही माझाच. वर्ष झालं, एकटीने ओढतेय सगळं. आता आलास होय?”

दांडी थर्डवरच राहिली.

“भूत असशील तरी माझंच आहेस. घाबरत नाही मी.”

हे खोटं होतं. पण खोटं बोलतानाही आवाज चढा ठेवायचा, हा त्या घराचा गुण.

पुढच्या नाक्यावर उजवीकडे घर, डावीकडे खाणीचा रस्ता. शहाण्या माणसाने उजवीकडे वळावं. ताई डावीकडे वळली. का, म्हणून क्रेनवाल्याने विचारलंच. “जिथे त्यांनी त्याला दोषी ठरवलं, तिथून मान खाली घालून परत जाऊ?” ती म्हणाली.

खाणीच्या रस्त्याला दिवे नाहीत. हेडलाइटच्या पलीकडे काळं पाणी भरल्यासारखा अंधार. उतार सुरू झाला.

तिने क्लच दाबला. दांडी सेकंडवर आली. तिने हाताने थर्डकडे ढकलली.

जाईना.

जोर लावला. तिकडूनही जोर... तिला तळव्याखाली जाणवला.

“सोड,” ती म्हणाली.

दगड दिसला. तोच. त्यावर अजून निळ्या रंगाचा ओरखडा होता. गाडीच्या रंगाचा.

दांडी न्यूट्रलला आली. आपोआप.

ताईने ब्रेक दाबला. गाडी थांबली. दगडापासून हातभर अंतरावर.

इंजिन बंद पडलं.

...

शांत. रातकिडासुद्धा नाही.

मग खालून आवाज आला. पायांच्या खालून, क्लचच्या कवचातून.

खळ्ळ... खट्.

गाडी उभी होती. इंजिन बंद होतं. आत फिरणारं काहीच नव्हतं.

खळ्ळ... खट्.

“काय आहे?” ती म्हणाली. “काय सांगायचंय? बोल ना रे...”

...

“बोल!”

शेजारच्या सीटचा फोम वर आला. हळूहळू. कोणी उठून गेल्यावर येतो तसा.

मग काहीच नाही.

दुसरी कोणी असती तर दार उघडून पळत सुटली असती. ताई तशीच बसून राहिली आणि तिने क्रेनवाल्याला फोन लावला. तो आला, टॉर्च मारला, म्हणाला, “चालू करून बघू का?”

“हात लावायचा नाही. तुम्ही नाही, मी नाही. आत काहीतरी सुटं वाजतंय. उचला आणि थेट तपासणीच्या आवारात घेऊन चला.”

“आत्ता? अहो ताई, फाटक बंद असेल.”

“मग फाटकाबाहेर उभं राहू. माझ्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडला तर म्हणतील, बाईने आत काहीतरी घुसवलं. त्यांच्या जागेत, त्यांच्या माणसाच्या हाताने उघडू दे.”

बघा, भुताने अंगाला घाम फोडला तरी हिची अक्कल जाग्यावर. आपल्यातल्या कितीजणांना हे जमलं असतं?

रात्रभर दोघं क्रेनच्या केबिनमध्ये बसली, गाडी मागे हुकला. उजाडताना तिने घरी फोन केला. “बाबा, आठ वाजता आवारात या. चष्मा आणा.”

“कशाला?”

“बोल्ट बघायला.”

आठला साहेब आले. तेच, अहवालावर सही करणारे. गाडी हुकला लटकलेली बघून त्यांना हसू आलं. “काय हो, पहिल्याच रात्री? सांगितलं होतं, घरगुती कामं टिकत नाहीत.”

“उघडा,” ताई म्हणाली. “या वेळी तरी उघडा. पण आधी बाहेरून बघा. प्रत्येक बोल्ट.”

साहेब कुरकुरले, पण गेटवर तोपर्यंत बघे जमले होते, आणि बघ्यांपुढे साहेब लोक जरा मऊ होतात. गाडी रॅम्पवर चढली. साहेबांनी टॉर्च मारला. बाबाही चष्मा पुसून खाली वाकले. कवचाच्या कडेने सगळे बोल्ट, प्रत्येकावर पिवळी रेघ, डोक्यावरून लोखंडापर्यंत. साहेबांनी फोटो काढले.

“एकही तुटलेली नाही,” बाबा म्हणाले.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “कोणी उघडलेलं नाही, एवढं मान्य.”

हे साहेबांचं वाक्य. क्रेनवाल्याने ऐकलं, बघ्यांनीही ऐकलं.

आवारातल्याच मेकॅनिकने बोल्ट काढले. गिअरबॉक्स मागे ओढला. आणि आतून काहीतरी खाली पडलं. ठण्णकन.

तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा. कडा खडबडीत, उष्णतेने निळसर पडलेल्या. फुटलेल्या फ्लायव्हीलचा तो भाग होता. त्यात एक बोल्ट अजून घट्ट रुतलेला, आणि बोल्टाच्या डोक्याखाली क्लचच्या पत्र्याची फाटलेली कड.

वर कवचात नवा क्लच. चकचकीत. त्यावर ओरखडा नाही. एवढा तुकडा त्या जागेत मावतच नाही. फिरत्या क्लचमध्ये हा असता तर आतलं सगळं पीठ झालं असतं.

“हात लावू नका!” साहेब ओरडले.

बाबांनी उचलला होता. त्यांनी अंगठ्याने त्यावरची काजळी पुसली.

लाल रेघ. बोल्टाच्या डोक्यावरून पत्र्यावर उतरलेली. अखंड.

बाबांचा अंगठा रेघेवरून फिरत राहिला.

“त्याचीच आहे,” ते शेवटी म्हणाले. “शेवटाला जरा वर वळवायचा. किती वेळा ओरडलो, सरळ ओढ म्हणून...” मग त्यांनी तुकडा साहेबांच्या नाकाशी नेला. “हे बघा. बोल्ट केसभर हललेला नाही. लोखंड फुटलंय. भेसळीचं लोखंड. माझ्या पोराने आवळला होता, साहेब. माझ्या पोराने आवळला होता!”

ताई म्हणाली, “बाबा, चष्मा पडेल.” आणि तिने तो सावरला. वर्षभरात पहिल्यांदा तिने बापाला हात लावला.

साहेबांचा चेहरा उतरला होता. पण खुर्ची म्हणजे खुर्ची. ते म्हणाले, “ते सगळं नंतर. आधी हे सांगा, बंद कवचात हा तुकडा आला कसा?”

ताई वळली.

“तुमच्या कुलूपबंद आवारातून गिअरबॉक्स गेला कसा?”

साहेबांनी फाटकाकडे पाहिलं.

“तुम्ही आधी तुमच्या कुलपाचं सांगा,” ताई म्हणाली. “मग मी माझ्या बोल्टांचं सांगते.”

अहवालातलं ते वाक्य पुढे खोडावं लागलं. गाडी पास झाली, रोज या रस्त्याने जाते, तुम्हीही पाहिली असेल. निळी. तुकडा आवारातल्या कपाटात सील करून ठेवला आहे, आणि पिवळ्या रेघांचे साहेबांनी स्वतः काढलेले फोटो त्याच्याशेजारी.

साहेबांनी कुलपाचं अजून सांगितलेलं नाही.