पाऊण घटका

राजम पहिल्यांदाच एकटी बाळंतपण करायला जाणार होती, म्हणून दिवेलागणीला आम्ही दोघी तिची पिशवी भरायला बसलो. कात्री, उकळून वाळवलेला दोरा, कार्बॉलिकचा साबण, एरंडेलाची बाटली, जुन्या लुगड्यांच्या धुतलेल्या घड्या. राजम माझ्या हाताखाली दीड वर्ष शिकली होती. पोर हुशार, पण घाईची. तिची घडी कधी सरळ बसायची नाही, म्हणून मी सगळ्या उलगडून पुन्हा घालत होते. त्यांच्या तळाशी माझ्या हाताला लिंबू लागलं.

"हे कुणी दिलं?"

"वेण्णार नदीपलीकडच्या त्या घरच्या आजींनी," राजम म्हणाली. "नातसुनेला कधीही कळा लागतील, गाडी पाठवतो म्हणाल्या. उद्या दुपारपर्यंत आश्लेषा आहे म्हणे, सासूला वाईट. त्याआधी डोकं दिसलं तर जरा धरून ठेव, आणि वेळ टळली की मग लिंबू सोड, असं सांगितलंय."

"आणि तू हो म्हणालीस?"

"नक्को कसं म्हणू, अक्का? पहिलंच घर माझं."

पहिलंच घर. अगदी हेच मीही एकदा स्वतःशी म्हटलं होतं. लिंबू उचलून मी कोनाड्यात दिव्याशेजारी ठेवलं, आणि बावीस वर्षं जे कुणाजवळ बोलले नव्हते ते त्या संध्याकाळी राजमला सांगितलं.

मी जन्माची सुईण नव्हे. राजवाड्यात, जनानखान्याच्या मागच्या सोप्यात, मी घटका राखत असे. पाण्याच्या घंगाळात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं, झाली. झांजेवर टोला द्यायचा, वाटी काढायची, पुन्हा सोडायची. माझ्या सासूनं तेच केलं, मीही तेच केलं. राज्य खालसा होऊन कितीतरी वर्षं लोटली तरी टोले चालू होते. मग एक एक राणीसाहेब गेल्या, माणसं पांगली, आणि एके दिवशी कारभाऱ्यांनी भिंतीवर लंबकाचं घड्याळ लावलं. मला कुणी जा म्हटलं नाही. नुसतं घंगाळ पालथं घातलं.

नवरा आधीच गेलेला, मूल झालेलं नाही. तेव्हा सरकारी दवाखान्यात सुईणकाम शिकायला बायका हव्या होत्या. तिथल्या गोऱ्या डॉक्टरणीला सगळे दोरसानी म्हणत. तिनं मला एवढंच विचारलं, वाचता येतं का आणि घड्याळ कळतं का. मला हसूच आलं. वर्षभरानं माझ्या हातात शिक्क्याचा कागद पडला. आमच्या गल्लीतल्या मराठी बाया मात्र तोंडावर म्हणायच्या, जिची कूस कधी उजवली नाही ती काय दुसरीला सोडवणार? पाण्यातली वाटी बघणं वेगळं, भुवना.

कागदानं हात तयार होत नाही हे मलाही कळत होतं. म्हणून मी म्हाताऱ्या शेषम्माच्या मागे मागे सहा महिने हिंडले. ती पिढीजात सुईण, नुसतं पोट चाचपून मूल कुठं तोंड करून आहे ते सांगायची. तिनं मला शिकवलं ते एकच. "मूल आपण आणत नाही, ते येतं. आपला हात उघडा पाहिजे."

आणि ते मी विसरले.

पश्चिम वीथीतल्या बाळकृष्णरावांच्या घरून मला बोलावणं आलं. मराठी गल्लीतलं माझं पहिलं घर. शेषम्मा तापानं पडली होती, नाहीतर मला कोण विचारतं? बाळकृष्णरावांची बायको वसुमती, एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. फार गोड पोर. कळा ओसरल्या की मला विचारायची, "अक्का, तुम्ही काही खाल्लंत का?" बाहेर तिण्णैच्या ओट्यावर जोशी पंचांग आणि घड्याळ घेऊन बसले होते. आमच्याकडची रीत अशी, की डोकं दिसलं की सुइणीनं खोलीतून लिंबू घरंगळत उंबऱ्याबाहेर सोडायचं. ते दिसलं की जोशी जन्मवेळ टिपतात. ओरडून सांगण्यात गडबड होते, लिंबू चुकत नाही.

दुपार टळटळीत होती. बारा वाजून गेले असतील. खोलीत तुपाच्या दिव्याचा, घामाचा आणि ओवाळून ठेवलेल्या मिरच्यांचा वास कोंडला होता. डोकं दिसणार एवढ्यात सासूबाई, वेंकूबाई, आत आल्या. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मूळ नक्षत्र सरायला पाऊण घटका आहे म्हणतात जोशी. मुळावर आलेलं मूल बापाला खातं. मला एकच लेक आहे, भुवना." त्यांनी माझा दंड धरला. "तुला घटका कळते. तेवढं धर. मग अस्की गल्ली, घरन् घर, तुलाच बोलावील, हे मी बघते."

त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना लेकाच्या जिवाची भीती होती. मला तर कसलीच भीती नव्हती. मला फक्त गल्लीनं बोलवायला हवं होतं.

मी धरलं. वसुमतीचे गुडघे तिच्या उशाशी बसलेल्या आतेकडून आवळून धरवले आणि उजव्या हाताचा तळवा त्या डोक्यावर दाबला. डाव्या हातात लिंबू. मनात वाटी सोडली आणि मोजायला लागले. ती सवय मला राजवाड्यानं लावली होती. वाटीत पाणी कुठवर चढलं ते मला डोळे मिटून दिसायचं.

पाव घटका झाली तेव्हा वसुमती म्हणाली, "अक्का… झालं का?"

"थोडंच राहिलं, बाळ."

अर्धी झाली तेव्हा तिनं माझं उजवं मनगट धरलं. तिच्यात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. चार बोटांचे पांढरे वळ उठले. "अक्का… सोडा ना."

मी मोजत राहिले. माझ्या तळव्याखाली काहीतरी आधी धडपडत होतं, मग शांत झालं. ते मला कळलं होतं, राजम. कळलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. तरी मी वाटी पाऊण भरेपर्यंत थांबले.

मग लिंबू सोडलं. ते घरंगळत उंबऱ्यावरून गेलं, आणि बाहेर जोशी मोठ्यानं म्हणाले, "पूर्वाषाढा!" बाया हसल्या, कुणीतरी खडीसाखरेची वाटी मागितली. आत मुलगा आला तो निळा. रडला नाही. वसुमतीचं रक्त काही थांबेना. दिवे लागायच्या आत ती गेली. जाताना ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.

वेंकूबाईंनी शब्द पाळला. सुइणीनं शर्थ केली, असंच त्या सगळ्यांना सांगत. गल्ली मलाच बोलावू लागली. शेषम्मानं मात्र खरं ओळखलं. तिनं मला पुन्हा आपल्या ओट्यावर चढू दिलं नाही.

पुढचं बाळंतपण महिन्याभरानं आलं. तेव्हाही भर दुपारच होती. मी लिंबू घ्यायला नकार दिला होता, खोलीत लिंबू नव्हतंच. डोकं दिसण्याच्या बेतात कळा एकाएकी थांबल्या. घर गप्प झालं. आणि उंबऱ्यावरून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला… बाहेर जाणारा नव्हे, आत येणारा. लिंबू. ओलं. ते सावकाश माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबलं. ओल्या केसांचा वास आला. मी बाळंतिणीच्या आईकडे बघितलं. तिला काही दिसलेलं नव्हतं.

कळा येईनात. मला सुचेना. शेवटी मी दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले आणि दाराकडे बघून म्हटलं, "हे बघ, वसुमती. मोकळे आहेत. मी काही धरलेलं नाही." किती वेळ बसले ते मला मोजावं लागलं नाही, आपोआप मोजलं गेलं. पाऊण घटका. मग कळ आली, मूल आलं आणि रडलं. लिंबू कुठंच नव्हतं.

बावीस वर्षं हेच चाललंय. दर बाळंतपणाला नाही, पण मनात घाई आली, कुणाची मर्जी राखावीशी वाटली, की येतंच. मी काम सोडलं असतं तर सुटलेही असते कदाचित. पण मग तिला हात कुणी दाखवले असते? तेवढंच माझ्याकडे देण्यासारखं उरलं होतं. एवढ्या मुलांना माझ्या हातांनी वाट दिली, आणि रात्री डोळा लागायच्या आत आठवतो तो एकच, ज्याला दिली नाही. त्याला नावही नाही.

माझं सांगून झालं. 

"ते लिंबू परत करशील ना?" मी विचारलं.

"करीन की, अक्का." मग जरा थांबून, खाली बघत ती म्हणाली, "पण तुम्ही पाऊण घटका धरलंत. त्यांचे जोशी म्हणाले, धरावं लागलं तरी उद्या फार तर चार पळं, जेमतेम दीड मिनिट. एवढ्याशानं काय…"

तिचं वाक्य पुरं झालं नाही. उंबऱ्यावर काहीतरी घरंगळलं.

मी आधी कोनाड्याकडे बघितलं. दिव्याशेजारी लिंबू ठेवलं होतं तसंच होतं. आणि जमिनीवरून दुसरं एक सावकाश आत येत होतं, मागे ओला माग सोडत. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याकडे आलं नाही. राजमच्या गुडघ्यापाशी थांबलं. तिला ते दिसत होतं. तिच्या तोंडावरून मला ते कळलं.

"भिऊ नको," मी हळूच म्हटलं. "हात उघड. मांडीवर ठेव, असे. आणि सांग की तू कुणाला धरणार नाहीस."

मी नेहमीसारखे माझे हात उताणे केले, तिला दाखवायला. राजमनं डावा हात उघडला. उजवा मात्र पुढे ताणला गेला होता, कुणी ओढत असावं तसा. ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ओठ नीट हलत नव्हते.

"अक्का… सोडा ना."

तिच्या उजव्या मनगटावर चार बोटांचे पांढरे वळ उठत होते, माझ्या मनगटावर उठले होते तसेच. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर उताणे पडले होते, रिकामे, आणि माझ्या मनात वाटी नुकतीच पाण्यावर सोडली गेली होती.