बर्नीसचं लाल कडं

रोवेना ट्रेडवेने मुरंब्याची रिकामी बरणी टेबलावर ठेवली. आत कापसावर एक फाटलेली पितळी पुंगळी होती.

"माझ्या वडिलांनी भरलेलं काडतूस," ती म्हणाली. "यानेच व्हर्नकाकांचा डोळा गेला."

डेला होल्व्हरसनने बरणी खिडकीपाशी नेली. खाजगी तपासाचा धंदा सुरू करण्याआधी ती विमा कंपनीसाठी जळक्या घरांची राख चाळायची. जळलेली वस्तू हातात आली की तिला घाई नसायची. पुंगळीची एक बाजू केळ्याच्या सालीसारखी उलगडली होती. बुडाच्या पितळेवर लाल रंगाचं कडं होतं. मधली तांब्याच्या रंगाची टोपी, जिच्यावर घोडा आपटला की बार उडतो, ती चपटी होऊन चकचकत होती. तिने भिंग लावलं आणि बरणी रॉस्को बीमच्या हाती दिली.

रॉस्कोला फक्त लाल रंग दिसला. कॅमास फोर्क गावात तो रंग ओळखत नाही असा शिकारी नव्हता.

टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर रॉस्को डेलाची गाडी चालवायचा आणि तिच्या वतीने लोकांशी गप्पा मारायचा. तरुणपणी हिवाळ्याच्या कितीतरी संध्याकाळी त्याने रोवेनाच्या वडिलांच्या, एल्डन ट्रेडवेच्या तळघरात घालवल्या होत्या. एल्डन काडतुसं भरायच्या दाबयंत्राचा दांडा ओढायचा, व्हर्न स्टुबेन शेजारी बसून थापा मारायचा. बाहेर मोंटानाचं बर्फ खिडकीपर्यंत चढलेलं असायचं. बर्नीसवहिनी हकलबेरी भरलेली गोड पेस्ट्री घेऊन खाली यायच्या आणि जाताना नवऱ्याला बजावायच्या, की बोलत बोलत काडतुसाची दारू मोजू नकोस. नेलपॉलिशची पहिली बाटलीही त्यांनीच दिली होती. टोपीच्या कडेने ओल आत शिरते म्हणून एल्डन कुरकुरत होता. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, माझ्या नखांना टिकतं ते तुझ्या पितळेला टिकेल.

रोवेनाने घडलेलं सांगितलं. शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. व्हर्नने एल्क हरणावर नेम धरला आणि बंदूक त्याच्या तोंडावर फुटली. शेरिफने काडतूस भरणाऱ्या म्हाताऱ्याची चूक म्हणून प्रकरण मिटवलं. एल्डन आता कुणाशी बोलत नव्हता. सगळं सामान विकायला काढ आणि मला वृद्धाश्रमात टाक, एवढंच म्हणत होता.

"तुम्हालाही तेच हवं होतं ना?" डेलाने विचारलं.

रोवेना म्हणाली, की हो, दोन वर्षं ती त्यांच्या मागे लागली होती. त्यांचे हात थरथरतात, सतरंजीवर दारू सांडलेली दिसते. "पण असं नको होतं मला. चूक त्यांची असेल तर तसं सांगा. दुसऱ्या कुणाची असेल तर नाव सांगा."

डेला आणि रॉस्को गेले तेव्हा एल्डनने दार उघडलं. रॉस्कोला वाटलं, माणूस एका महिन्यात एवढा म्हातारा होतो कसा?

तळघरात अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. डेलाने नवशिक्यासारखे प्रश्न विचारले आणि म्हातारा हळूहळू खुलला. दारूचा एकच डबा होता, संथ जळणाऱ्या दारूचा.

"दुप्पट पडली असेल का?" डेलाने विचारलं.

"पोरी, ही दारू एका मापातच पुंगळीच्या मानेपर्यंत येते. दुसरं माप टाकलं तर टेबलावर सांडेल. दुप्पट भरायला जागाच नाही."

"मग?"

"पिस्तुलाची जलद दारू पडली तर बंदूक फुटते. पण पिस्तूल मी बर्नीस गेली त्या वर्षीच विकलं. तसली दारू घरात नाही." तो खाली बसला. "मी रात्रंदिवस तेच आठवतोय. काहीतरी मी केलंच असेल. लाल कडं माझंच आहे."

डेलाने एक न उडवलेलं काडतूस मागितलं. बुडाशी लाल कडं होतं, अर्धं पितळेवर आणि अर्धं टोपीवर, सांधा झाकून. मग तिने उडवलेल्या पुंगळ्यांच्या बादलीत हात घातला आणि मूठभर पुंगळ्या रॉस्कोसमोर धरल्या. टोपीला घोड्याचा खड्डा पडला होता, तरी प्रत्येकीवर लाल रंग तसाच होता.

"या पुन्हा भरता तेव्हा?"

"जुनी टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, पुन्हा रंग लावायचा. रंग लावल्याशिवाय एकही काडतूस या खोलीबाहेर गेलेलं नाही."

"आणि व्हर्नची उडवलेली पुंगळी तुमच्याकडे परत येते?"

पूर्वी यायची, एल्डन म्हणाला. अलीकडे व्हर्न म्हणतो की गवतात हरवल्या. म्हातारा झालाय तोही.

बंदुकांचं दुकान चालवणारा ड्वेन पॅजेट तोंडाळ होता. एल्डनने अर्ध्या गावाला काडतुसं भरायला शिकवलं आणि माझा धंदा बसवला, असं तो उघड म्हणायचा. रॉस्कोचा संशय त्याच्यावर होता. चुकीची दारू डब्यात घालून विकली असेल. पण डबा कारखान्याच्या मोहरेसह गेला होता, आणि त्याच डब्यातली काडतुसं एल्डनने स्वतः उन्हाळाभर उडवली होती.

त्याच्या दुकानातून निघताना डेलाने विचारलं, की व्हर्न नेमबाजीच्या क्लबात पिस्तूल चालवतो, त्याची काडतुसं तो इथूनच घेतो ना?

"घ्यायचा," ड्वेन म्हणाला. "दोन वर्षांत एक खोकं नेलं नाही. एल्डन भरून देत असणार, दुसरं काय."

व्हर्नच्या डोळ्यावर पट्टी होती, गालावर काळे ठिपके. त्याने कॉफी ओतली, ती कपाबाहेर सांडली. काडतुसं एल्डनने दिलेली, नेहमीसारखी. उरलेली नदीत फेकली, एवढंच तो म्हणाला. एल्डनचं नाव निघालं की तो खिडकीबाहेर पाहायचा.

डेलाने गॅरेज पाहायची परवानगी मागितली. कामाच्या फळीवर एका टोकाला वस्तू घट्ट पकडायचा लोखंडी शेगडा होता. दुसऱ्या टोकाला बोल्टची चार भोकं, आतलं लाकूड अजून पांढरंफटक. व्हर्न म्हणाला, तिथे शेगडा होता, मग हलवला. रॉस्कोने मान डोलावली. शेगड्याच्या बुडाशी जमलेली जुनाट धूळ त्यालाही दिसली होती, पण धूळ काय, सगळीकडेच असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेलाने सगळ्यांना एल्डनच्या स्वयंपाकघरात बसवलं. व्हर्न दाराशीच उभा राहिला.

तिने बरणीतली पुंगळी टेबलावर ठेवली. "पितळेवर लाल रंग आहे. टोपीवर कणभर नाही."

"स्फोटात उडाला असेल," रॉस्को म्हणाला.

"मग पितळेवरचाही उडाला असता. बादलीतल्या पुंगळ्या पाहिल्यात ना तुम्ही? बार उडाल्यावरही टोपीवरचा रंग राहतो. याचा अर्थ हे लाल कडं आधीच्या वेळचं आहे. एल्डननी भरलेलं ते काडतूस नीट उडालं होतं. मग कुणीतरी टोपी बदलली, दारू भरली, आणि रंग लावला नाही. त्या माणसाकडे पिस्तुलाची जलद दारू होती, आणि ती या घरात नाही. एल्डनच्या उडवलेल्या पुंगळ्या परत न देता ठेवून घेणारा माणूस एकच. तो पिस्तूल चालवतो, दोन वर्षांत दुकानातून काडतूस घेत नाही, आणि एल्डनला भरून द्यायला ती दारूच नाही. त्याच्या फळीवर ताजी चार भोकं आहेत, आणि शेगडा वर्षानुवर्षं जागचा हललेला नाही. तिथे दाबयंत्र होतं. अपघातानंतर काढलेलं."

रोवेना उठली. "काका, तुम्ही?"

व्हर्नने भिंतीला हात टेकला.

"बाबांना महिनाभर झुरताना पाहिलंत तुम्ही."

"पाहिलं." तो खालच्या आवाजात बोलत राहिला. दोन वर्षांपूर्वी वरच्या कुरणात एवढं मोठं एल्क समोर उभं होतं. त्याने चाप ओढला आणि नुसती टिक झाली. टोपीच्या जोराने गोळी नळीपर्यंत गेली आणि तिथेच अडकली. घरी आणून ठोकून काढली, तर पुंगळीत दारूच नव्हती. "एल्डन भरायला विसरला होता. एल्डन. माझ्याने सांगवेना. दर वर्षी मी त्याच्याकडून खोकी घ्यायचो, थँक्यू म्हणायचो आणि कपाटात ठेवून द्यायचो. माझी मी भरायला लागलो. फळीवर दोन डबे होते, त्या दिवशी चुकीचा उचलला."

"आणि नंतर?" डेलाने विचारलं.

"खरं सांगितलं असतं, तर त्या रिकाम्या काडतुसाचंही सांगावं लागलं असतं. वाटलं, लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. आणि मला लाजही वाटली. दोन्ही होतं."

रॉस्कोला उमगलं, की डेलाने म्हाताऱ्याला निर्दोष सोडवलं आणि त्याच दमात दुसरा दोष त्याच्या पदरी टाकला. एल्डन स्वतःच्या हातांकडे पाहत होता. ते थरथरत होते, आणि आज त्याने ते टेबलाखाली लपवले नाहीत.

"तुझ्या कपाटातली बाकीची?" त्याने विचारलं. "तीही रिकामी?"

"सगळी एकेक करून तोलली. बाकी सगळी बरोबर होती."

"एकच."

"एकच."

एल्डनने मान हलवली. "एकाने माणूस मरतो, व्हर्न. तुझ्यासमोर एल्कऐवजी अस्वल असतं तर? मला सांगायला हवं होतंस तू. मी आठवडाभर शिव्या दिल्या असत्या तुला."

"ठाऊक होतं. आणि मग?"

"मग म्हणालो असतो, लेका, दारू तू मोज, मी दांडा ओढतो."

व्हर्नच्या उरलेल्या डोळ्यातून पाणी ओघळलं. "आता म्हण की."

"आता नाही. आठवडा कुठे झालाय?" एल्डनने पायाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बस. शिव्या उभ्याने ऐकायच्या नसतात."