वदीने आवाज वाढवला

वदी आपलं यंत्र आणायला गेला होता. काम एवढंच होतं. तुमच्यापुढे आत्ता हे पडलंय ना, तसलंच डीजेचं, बटणांचं मिक्सर.

फिरास, मघाशी तू ते गाणं लावलंस आणि मी उठून बंद केलं. तुला राग आला. मायसाने तर तोंडावर विचारलं, अम्मो, अहो काका, तुम्हाला आमचं संगीत कळत नाही तर आमची यंत्रं दुरुस्त कशाला करता? कळतं, पोरी. कळतं म्हणूनच बंद केलं. आता वीज गेलीच आहे, आणि गल्लीतल्या जनरेटरवाल्याचं डिझेल संपलंय म्हणे. बसा. सांगतो.

वदी शाहीन आमच्या कूरा भागातला. त्याचा बाप आणि मी एका बाकावर शिकलो. पोरगा लहानपणापासून कानाचा पक्का. लग्नात वाजवणारे डीजे ढीगभर असतात, वदी त्यातला नव्हता. त्याला ते तुमचं हळवं, यंत्रावरचं संगीत आवडायचं. दोन-तीन पोरं एका खोलीत बसून करतात तसलं. खाली ढोल एका लयीत चालू, वर कोणीतरी स्वतःशीच गुणगुणल्यासारखं गातंय. पाय नाचतात आणि घसा दाटून येतो, तसलं. त्रिपोलीपासून बात्रूनपर्यंत त्याच्यासाठी पोरं गाड्या काढून यायची.

अनफेला मिठागरांच्या कडेला एक जुनं मिठाचं गोदाम आहे. तिथे कोणीतरी क्लब काढला होता. वदी तिथे दर शनिवारी वाजवायचा, आणि शेवटी कायम एकच गाणं. तेच, जे मी मघाशी बंद केलं. सगळीकडे नाव वदीचं. त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर असं एक दुकान नव्हतं जिथे ते वाजत नव्हतं.

गाणं त्याचं नव्हतं.

ते होतं त्रिपोलीशेजारच्या मीना बंदरातल्या एका पोराचं. लुअय त्याचं नाव. बाप नाही, आई शिवणकाम करायची. यानेच रचलं, यानेच गायलं, आणि मोठ्या विश्वासाने वदीला पाठवलं. आवडलं तर वाजवा, एवढंच लिहिलं होतं. वदीला आवडलं. इतकं आवडलं की त्याने सुरुवात थोडी बदलली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. मला त्याने हे नंतर सांगितलं, इस्पितळात. म्हणाला, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे मला सुचायला हवं होतं, आणि मग हळूहळू वाटायला लागलं की मलाच सुचलं.

जुलैतल्या एका शनिवारी लुअय तिथे आला. भांडायला नाही. गर्दीतून वाट काढत वदीच्या टेबलापाशी आला, उभा राहिला, आणि शेवटचं गाणं सुरू झाल्यावर सोबत गायला लागला. बस. पण आवाज तोच ना. भोंग्यातून येणारा आणि त्या पोराच्या तोंडातून येणारा, दोन्ही एकच. जवळचे लोक नाचायचे थांबले. एका मुलीने वदीकडे पाहिलं, मग लुअयकडे, परत वदीकडे.

वदीने शकीबकडे पाहिलं.

शकीब तिथला दारावरचा माणूस. वजनं उचलणारा, मान आणि खांदा एकच. वदी मला शपथेवर सांगत होता, अम्मो, मी तोंडातून एक शब्द काढला नाही, नुसतं पाहिलं. शकीबने लुअयला मानेला धरलं आणि मागच्या दाराने मिठागराकडे नेलं. टेबलामागे एक लांबट खिडकी होती, तिच्यातून मागचं अंगण दिसायचं. वदीला दिसत होतं. पहिला ठोसा पोटात. दुसरा तोंडावर. पोरगं खाली पडल्यावर बूट. त्याच्या ओरडण्याचा आवाज आत यायला लागला तेव्हा शकीबने मान वर करून खिडकीकडे बघितलं.

वदीने आवाज वाढवला.

दोन दिवसांनी लुअय किनाऱ्यावरच्या खडकात मेलेला सापडला. दारू पिऊन पडला, असं लिहिलं गेलं. पोरगं दारूला शिवतही नव्हतं. हंगाम संपला, मालक आखातात निघून गेला, गोदामाला कुलूप लागलं. किल्ली शकीबकडे राहिली आणि वदीचं जुनं मिक्सर आतच राहिलं. ते आणायला तो कधी गेला नाही. नवं घेतलं.

आता गेल्या वर्षीचं ऐका. सप्टेंबरची तेरा तारीख, क्रुसाच्या सणाची आदली रात्र. डोंगरावर गावोगाव जाळ पेटवतात ती. वरच्या गावाने वदीला दुसऱ्या दिवशी सणाला चौकात वाजवायला बोलावलं होतं, आणि त्याच आठवड्यात त्याचं नवं मिक्सर जळलं. माझ्याकडे आणलं. मी म्हटलं, सणाच्या आत होणार नाही, सुटा भाग बैरूतहून यायचाय. तुझं जुनं आहे ना खाली, ते घेऊन ये. त्याने जळकं यंत्र माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, शकीबला फोन करतो.

अंधार पडल्यावर दोघे शकीबच्या पिकअपमधून गेले. वाटेत शकीबने काक, तो तीळ लावलेला पाव, घेतला, खात खात चालवत होता. वदीची थट्टा करत होता. म्हणे, वर्षभर इकडे फिरकला नाहीस, मला वाटलं संन्यासी झालास, मठात तुझ्यासाठी खोली बघून ठेवली होती. वदी हसला. मागे डोंगरावर एकेक जाळ पेटत होता, खाली गावात घंटा वाजत होत्या. भीती वाटावी असं काही नव्हतंच.

शकीबने कुलूप काढलं. आत मिठाचा वास. जमिनीवर पाय टाकला की करकर. भोंगे केव्हाच काढून नेले होते, भिंतींवर नुसत्या त्यांच्या खुणा. वायरी गुंडाळून कोपऱ्यात टाकलेल्या. मीटर कापलेला. टेबल तेवढं जागेवर होतं आणि त्यावर प्लास्टिकखाली मिक्सर. वदीने मोबाइलचा उजेड धरला, शकीबने प्लास्टिक ओढलं.

मिक्सरवरचे हिरवे दिवे लागले.

शकीब म्हणाला, "तुझं यंत्र तुला ओळखतंय वाटतं."

वदीने टेबलामागे पाहिलं. वायर नव्हती. कुठलीच वायर नव्हती. तो म्हणाला, "चल इथून."

"अरे, मग हे न्यायचं नाही का?"

"चल म्हणतो ना."

तेवढ्यात ढोल सुरू झाला.

मायसा, तुला माहीत आहे ते गाणं कसं सुरू होतं. आधी नुसता ढोल. लांबून आल्यासारखा. तो भिंतींमधून येत होता, म्हणाला वदी. जिथे भोंग्यांच्या खुणा होत्या, तिथून. आणि ही वदीने बदललेली सुरुवात नव्हती. ही मूळची होती. त्या पोराने पाठवली होती ती.

पहिल्या ठोक्याला शकीब पोट धरून वाकला.

वदीला वाटलं, त्याला ठसका लागला. काक अडकला घशात. शकीबने वर पाहिलं. चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. कोणी मारलं, असं. दुसऱ्या ठोक्याला त्याचं डोकं मागे गेलं. नाक फुटलं. समोर कोणी नव्हतं. मोबाइलच्या उजेडात फक्त धूळ... आणि शकीब.

तिसरा.

चौथा.

ढोलाचा एक ठोका, एक मार. लय चुकत नव्हती. शकीबने हात उगारले. हवेत मारत सुटला. एवढा दांडगा माणूस. त्याचा उजवा हात कोपरातून उलटा वळला, काठी मोडल्यासारखा आवाज झाला, आणि तो ओरडला. मग गुडघा. तो खाली बसला.

वदी दाराकडे पळाला नाही. मी विचारलं त्याला, का नाही पळालास? म्हणाला, अम्मो, पाय हलेनात. हात हलत होता. सवयीने तो मिक्सरवर गेला. आवाजाचं सरकतं बटण. त्याने ते खाली ओढलं.

आवाज कमी झाला. आणि पुढचा ठोका वदीच्या बरगडीत बसला.

बूट होता, म्हणाला. दिसत नव्हता, पण बूटच होता. टोक लागलं. त्याला श्वास घेता येईना. त्याने बटण आणखी खाली नेलं. वाटलं, बंद झालं की थांबेल. पुढचा ठोका जबड्यावर. डोळ्यापुढे अंधार. त्याचा हात आपोआप वर गेला, बटणासकट.

आवाज वाढला.

मार शकीबकडे गेला.

...

फिरास, पाणी दे जरा.

वदीला कळलं. आणि शकीबलाही कळलं. तो जमिनीवर पडून वर बघत होता. वदीच्या हाताकडे. एक डोळा बंद झालेला. तोंडात रक्त आणि मीठ. हळूच म्हणाला, अगदी मित्राने मित्राला सांगावं तसं, "वदी... कमी कर. थोडा वेळ तू घे. थोडा वेळ मी घेतो."

वदीने बटण खाली घेतलं. एक ठोका सोसला. पाठीत. दुसरा सोसला. तिसऱ्याला करंगळी मोडली.

मग त्याने शकीबकडे पाहायचं सोडलं. खिडकीकडे तोंड केलं.

आणि आवाज वाढवला. शेवटापर्यंत.

गाणं केवढंसं असतं? तुम्हीच वाजवता. पण तो म्हणाला, ते संपतच नव्हतं. मागून आवाज येत होते. ठोका. हाड. ठोका. शकीब आधी शिव्या देत होता. मग आईला हाका मारत होता. मग नुसता हवा जाण्याचा आवाज... मग तोही नाही. ठोके चालूच. ओल्या पोत्यावर मारल्यासारखे.

मग ढोल थांबला.

शांत.

वदीने बटणावरून हात काढला.

आणि गाण्याचे शब्द सुरू झाले. ढोल नाही, काही नाही. नुसता त्या पोराचा गळा. भिंतीतून नाही. कानाशी. ओठ कानाला लागावेत इतक्या जवळून. हळू... गोड... स्वतःशीच म्हटल्यासारखं. वदी म्हणाला, इतकं सुंदर मी ते कधीच ऐकलं नव्हतं.

मग आवाज वाढला.

बटण जागेवर होतं. त्याने ते खाली ओढलं. आवाज वाढला. दोन्ही हातांनी कान दाबले. आवाज आतच होता. वाढला... आणखी वाढला... बोटांमधून गरम काहीतरी मनगटावर आलं...

ते त्याने ऐकलेलं शेवटचं गाणं. त्यानंतर त्याने काहीच ऐकलं नाही.

सकाळी एका मच्छीमाराला दार उघडं दिसलं. शकीब मेलेला होता. डॉक्टर माझ्या ओळखीचे, ते म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरून पडलेल्याची हाडं अशी असतात, पण तिथे दुसरा मजलाच नाही. वदी टेबलामागे बसलेला, कानांतून रक्त सुकलेलं, मिक्सर मांडीवर घट्ट धरलेलं. पोलिसांनी आधी त्यालाच धरलं. मग त्यांनी त्याची मोडकी करंगळी पाहिली, त्याची अंगकाठी पाहिली, शकीबचा आकार पाहिला, आणि सोडून दिलं. त्या डोंगराएवढ्या माणसाला याने असं कसं मोडलं असतं?

मी भेटायला गेलो तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. मी कागदावर लिहून विचारत होतो, तो ओरडून सांगत होता, अख्खा वॉर्ड ऐकत होता. नर्सने मला खूण केली, त्यांना गप्प करा. मी म्हटलं, बोलू दे. पोलिसांनाही त्याने लुअयचं सगळं सांगितलं. बरा झाल्यावर मीनाला गेला, लुअयच्या आईच्या दारात उभा राहिला. ती शिवत होती. याने सांगितलं, गाणं तुमच्या मुलाचं आहे, आणि त्याला मारत होते तेव्हा मी पाहत होतो. ती काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. काय बोलली ते याला ऐकू आलं नाही, आणि सोबत गेलेल्या वदीच्या बहिणीने ते आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. आता गाण्यावर लुअयचं नाव आहे. फिरास, बघ हवं तर.

ते मिक्सर पोलिसांनी तपासून परत केलं. वदीला ते नको होतं. माझ्याकडे आलं. त्या गोदामात वीज नसताना ते चाललं कसं, हे मलाही बघायचं होतंच. इथेच, या टेबलावर ठेवलं. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका देतो, म्हणजे मधे कोणी उघडलं तर कळतं. सगळे ठिपके शाबूत होते. लुअय मेला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी ते बंद केलं होतं, त्यानंतर ते कोणी उघडलेलं नव्हतं.

मी स्क्रू काढले. झाकण उचललं.

आत कोरडं होतं, स्वच्छ होतं. तारा जागच्या जागी. आणि आवाजाच्या बटणाच्या बरोबर खाली, एक दात.

माणसाचा. समोरचा.

मी डॉक्टरांना फोन केला. शकीबचे दात सगळे होते. वदीचेही होते. मग मी दात मुठीत घेऊन मीनाला गेलो, लुअयला ज्याने शेवटची आंघोळ घातली त्या त्याच्या मामाकडे. मी काही विचारायच्या आधी त्याने माझ्या मुठीकडे पाहिलं. म्हणाला, समोरचा एक नव्हता. खडकात आम्ही खूप शोधला.

मी मूठ उघडली.

पोराला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं...

माझ्या तळहातावर दाताचं रक्त लागलं होतं, ओलं.