नावांचं पान

साहेब, ती नावं तुम्ही पुसलीत. नाही म्हणू नका! – ती मनात घोकत होती.

ग्रंथालयाची वेबसाइट तिनं एकटीनं उभारली होती, तीही कुठल्या क्लासची पायरी न चढता. सगळ्यांना फुकट, खुलं असलेलं एक फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, घेतलं, त्यावर हजारो पुस्तकांच्या नोंदी बसवल्या. फ्रेमवर्कची अट एकच – बनवणाऱ्यांच्या नावांचं पान काढायचं नाही. त्या यादीत शेवटचं टोपणनाव ‘कोरी पाटी’. म्हणजे ती! दोन वर्षं त्या फ्रेमवर्कला दुरुस्त्या पाठवून कमावलेलं. त्याच्या वर ‘मुंगी’. तिची प्रत्येक दुरुस्ती ‘हे मोडत नाही हे तपासणारी चाचणी कुठंय?’ असं विचारून परत धाडणारा खडूस.

आज ते पान गायब. त्या जागी – ‘संचालकांनी स्वबळावर घडवलेली वेबसाइट’.

ती धुमसत काउंटरवर आली, तर एक चष्मेवाला वाचकांच्या कॉम्प्युटरवर, वेबसाइटच्या शोध-चौकटीत एकच अक्षर बडवत होता.

“अहो, काय चाललंय?”

“मोडतंय का बघतोय.”

“मोडलं?”

“नाही ना! कुणीतरी चाचणी लिहिलेली दिसतेय…”

त्याला थांबवायला उचललेला तिचा हात हवेतच राहिला. “मुंगी?”

त्यानं चष्मा काढला, पुन्हा घातला. “कोरी… पाटी? मी तर पुस्तक न्यायला आलो होतो.” मग पडद्याकडे बघत गोंधळून म्हणाला, “पण आपली नावं कुठायत?”

त्या ‘आपली’नं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

केबिनमधून संचालकसाहेब आले. “नावं घेऊन काय करायचंय? बाई, तुमचं कंत्राट महिनाअखेर संपतंय, विसरू नका.”

तिनं कीबोर्ड ओढला. पान परत चढवलं.

“काढा ते!”

“नाही काढणार. घालवा नोकरी.” आणि गर्रकन चष्मेवाल्याकडे वळली, “तुमचंही तेच! एखादी दुरुस्ती सरळ घेतली असती तर हात झिजले असते?”

“लगेच घेतली असती… तर तुम्ही परत लिहिलं असतं?”

“म्हणून सतरा वेळा?”

“पंधरा वेळा चूक खरीच होती.” तो कीबोर्डकडे बघत पुटपुटला, “दोनदा… नव्हती.”

हसू आलंच होतं. तिनं दातांखाली दाबलं.

“साहेब, नावं का पुसलीत, लेखी द्या. आणि तुम्ही – त्या दोन वेळांचं कारण, साडेपाचला, फाटकापाशी, माझ्या डोळ्यांत बघून सांगायचं. बोला! मला दोघांचंही उत्तर आजच हवंय.”