गाडी तयार नाही

"बाबा होते तोवर चकार शब्द बोलली नाहीस. आता मी विकायला काढली तर डोळे वटारतेस होय?"

मी शेजारच्या गाडीखाली पाठीवर पडले होते. वाटलं, कुणा नवरा-बायकोचं जुंपलंय. मान तिरकी करून पाहिलं तर दोन बूट, जुनेच, पण लख्ख पुसलेले. आणि त्यांच्यापुढे एक राखाडी, वय झालेली गाडी. बायको वगैरे कुठे दिसेना.

"वटारत नाहीये," मी खालूनच म्हटलं. "तक्रार करतेय."

बूट दचकले. मग ते गृहस्थ चक्क गुडघ्यांवर बसले, वाकले आणि म्हणाले, "तुम्हाला कळते तिची भाषा?"

"यंत्र लावलं की कळते. माणसांची तेवढी कळत नाही."

हे मी का बोलले, देव जाणे. गाडीखाली असलं की माणूस जरा जास्तच मोकळं होतं.

गॅरेज मामांचं आणि माझं. म्हणजे पाटी मामांची, ग्रीस माझं. आई गेल्यापासून ते मला सांभाळतात आणि मी त्यांना, असं आम्ही दोघंही आपापल्या मनात धरून चालतो. लग्नाचा विषय मामांनी कधीच सोडून दिला होता. दुपारचा डबा मी भिंतीकडे तोंड करून खायची. भिंतीवर नट-बोल्ट खोलायचे पाने टांगलेले... लहानापासून मोठ्यापर्यंत, सगळे जागच्या जागी. त्यातला एखादा हलवून परत लावणं, एवढीच काय ती दुपारची करमणूक.

बूटवाले गृहस्थ दोन गल्ल्या पलीकडे घड्याळं दुरुस्त करायचे. हल्ली लोक वेळ फोनमध्ये बघतात. तेव्हा दुकान आवरून ते दूरच्या शहरात बहिणीकडे कायमचे राहायला निघाले होते. गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं, पण धुराच्या तपासणीत पास झाल्याशिवाय ते गाडी उचलणार नव्हतं. गाडी गेली की हेही जाणार, इतकं ते सरळ होतं. मामांनी लगेच त्यांचं नाव ठेवलं, घड्याळजी.

मी गाडीतला दोष वाचणारं यंत्र लावलं. धूर साफ झालाय की नाही हे बघणारा मागचा सेन्सर मेला होता.

"काम करताना बॅटरी काढाल का?" त्यांनी जरा चाचरत विचारलं. "नाही म्हणजे... आतलं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. बाबांनी लावलेलं. ते गेल्यापासून मी हात लावला नाही."

घड्याळवाला माणूस, आणि रोज डोळ्यांसमोर चुकीची वेळ घेऊन फिरतोय. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. बॅटरीला धक्का न लावता मी सेन्सर बदलला, यंत्राने जुनी तक्रार पुसली.

पण तक्रार पुसली की गाडीची पाटी कोरी होते. मग तिच्यातला संगणक एकेक गोष्ट नव्याने तपासून घेतो, आणि त्याचं समाधान होईपर्यंत यंत्रावर 'तयार नाही' असंच येतं. तसली गाडी तपासणीवाले दारातूनच परत पाठवतात. मी त्यांना समजावलं, थोडे दिवस पहाटे थंड इंजिन सुरू करा, मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालवा, घाई करू नका.

ते परत आले. तयार नाही. पुन्हा आले, येताना तीन कप चहा घेऊन. तयार नाही.

"उपवर मुलीसारखी काय ही," मामा बॉनेटमध्ये डोकं घालून पुटपुटले. "तयार नाही, तयार नाही!" आणि तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहिलं.

माझं लक्ष मात्र डॅशबोर्डवर होतं. आतलं घड्याळ अगदी बरोबर होतं. सेकंदाला सेकंद. यंत्र सांगत होतं की पाटी कोरी झाल्यापासून गाडी त्यांच्या घरापासून इथवरच आलीय. म्हणजे कुणीतरी बॅटरीची तार काढून परत लावली होती. संगणक सगळं विसरला होता, घड्याळ बारावर गेलं होतं. आणि ते पुन्हा लावताना त्या हातांना काही चुकीची वेळ लावता आली नव्हती.

मी इतकंच म्हटलं की, उद्या मीच सोबत येते.

पहाटे निघालो. रस्ता मोकळा, दोन्हीकडे धुकं, काचेवर बारीक ओल. यंत्र माझ्या मांडीवर. पुढच्या सेन्सरची रेघ एकसारखी वरखाली होत होती, मागच्याची सपाट.

"हा एवढा का अस्वस्थ?" त्यांनी विचारलं.

"त्याने तसंच असायला हवं. मागचा शांत हवा. मागचाही असाच नाचायला लागला की समजायचं, मधला, धूर साफ करणारा डबा काम करत नाहीये."

"म्हणजे मागचा शांत दिसतोय, कारण मधे कुणीतरी सगळं पोटात घालतंय."

"समोर बघा," मी म्हटलं. "वेग कमी होतोय."

"घाई करू नका, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. हसू लपवायला धुकं फार चांगलं असतं. परतताना कळलं, की दुकानात आता एकच घड्याळ चालू ठेवलंय. सगळ्यांची टिकटिक बंद केल्यावर पहिल्या रात्री त्यांना झोपच आली नव्हती.

आता फक्त टाकीतल्या वाफेची तपासणी उरली होती. त्यासाठी गाडी रात्रभर उभी राहायला हवी.

"इथेच राहू दे," मामा म्हणाले. कुणाकडेही न बघता. "चावी चिमणीकडे द्या."

चिमणी म्हणजे मी. टायर एका हाताने उचलते.

सकाळी घड्याळजी पायीच आले. मी यंत्र लावलं. एकेक ओळ 'तयार' होत गेली... शेवटचीही. खाली नेहमीचा प्रश्न आला, सगळं पुसायचं? माझा अंगठा 'हो'वर जाऊन थांबला. एकदा दाबलं, की पुन्हा पहाट, पुन्हा धुकं, पुन्हा तीन कप चहा. मामा आधीच स्वच्छ असलेला पाना पुसत होते.

"तार मीच काढायचो," घड्याळजी एकदम म्हणाले.

"माहितीये. घड्याळ बरोबर झालं होतं."

ते कसनुसं हसले. "हात ऐकत नाहीत हो. बाबांची चार मिनिटं मात्र गेली ती गेलीच."

का काढायचात, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. बहिणीने खोली रंगवून ठेवलीये, एवढंच म्हणाले, जणू मला नाही, त्या गाडीलाच सांगत होते. मामा उगाच खोकले.

मी अंगठा उचलला, यंत्राची वायर काढली.

"गाडी तयार आहे," मी म्हटलं. निदान गाडीबद्दल तरी मला खोटं बोलायचं नव्हतं.

त्यांनी हात पुढे केला. मी तळहातावर चावी ठेवली, पण बोटं काही काढून घेता येईनात.

"जाऊ नका," मी म्हटलं.